पलटणीच्या इतिहासातला कोल्हारकर

मला गोष्ट सांगता येते, हे आधीच सांगून टाकतो. नम्रपणा माझ्या अंगी कधी नव्हता, आता या वयात तो कुठून आणायचा? दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांत नगरच्या छावणीत आमच्या पलटणीचं ट्रेनिंग सेंटर होतं, तिथे मी शिक्षण नाईक होतो. बाहीवर दोन फिती आणि हातात खडू. बंदूक इतरांनी शिकवायची, कवायत इतरांनी घ्यायची. मी रंगरुटांना अक्षरओळख, बेरीज-वजाबाकी, नकाशा आणि पलटणीचा इतिहास शिकवायचो. पहिले तीन विषय कसेही उरकले तरी चालून जायचं. इतिहासाच्या परीक्षेला मात्र कर्नलसाहेब स्वतः येऊन बसत. पलटण कधी उभी राहिली, तिचा नंबर कितीदा बदलला, निशाणावर कुठल्या लढायांची नावं आहेत, हे घडाघडा म्हणून दाखवल्याशिवाय रंगरुटाची कसम परेड, म्हणजे शपथ घेऊन शिपाई व्हायची परेड, होत नसे.

तास दुपारी जेवणानंतर असायचा. पहाटेपासून पोरांची हाडं खिळखिळी झालेली, पोटात भाकरी आणि डाळ, डोक्यावर तापलेला पत्रा. डोळे उघडे ठेवून झोपायची कला मी तिथे पाहिली. आणि इतिहास तरी कसा! इंग्रजीत छापलेली एक पातळ चोपडी होती, तिच्यावरून मी मराठीत सांगायचो. कंपनी सरकारच्या अमदानीत पलटण उभी राहिली. मग हा साहेब आला, तो साहेब गेला. नंबर बदलला, पुन्हा बदलला. मग मागच्या मोठ्या लढाईत पलटण बसऱ्याच्या मुलखात गेली, तिथे तिने एक नदी ओलांडून पलीकडचा काठ घेतला, हानी किरकोळ. साहेबांची नावं पानोपानी होती. आपल्या माणसाचं म्हणाल तर एकही नाही. ‘जवानांनी धैर्य दाखवले’ एवढंच. कुठल्या जवानाने, कसं दाखवलं, ते लिहिणाऱ्याने विचारलेलंच नव्हतं.

नेवासं, शेवगाव, राहुरीकडच्या शेतकऱ्यांच्या पोरांना यात काय गोडी वाटणार? त्या तुकडीत कोल्हारचे चौघे होते. प्रवरेच्या पाण्यावर पोसलेले, अंगाने दांडगे, आणि माझ्या तासाला पहिल्या रांगेत बसून घोरणारे. मागच्या रांगेत घोरले असते तर मी काणाडोळा केला असता. पहिल्या रांगेतलं घोरणं हा मास्तराचा अपमान असतो. एका दुपारी मी चोपडी मिटली आणि म्हणालो की त्या नदीत पहिला उतरला तो शिपाई कोल्हारचा होता.

चौघेही खडबडून जागे झाले.

पुढचं आपोआप जिभेवर येत गेलं. नदीला पाणी चढलेलं, पलीकडून तुर्कांच्या गोळ्या, होड्या फुटलेल्या. दोर पलीकडे नेऊन बांधला तरच पलटण पार होणार. साहेबाने विचारलं, पोहतं कोण? सगळे खाली बघायला लागले. कोल्हारचा शिपाई पुढे झाला, दोर कमरेला बांधला आणि म्हणाला, आमच्या प्रवरेला याहून जास्त ओढ असते, साहेब. दोर पोचला, पलटण पार झाली. मग तो एका जखमीला ओढून घेऊन आला, दुसऱ्याला आणायला परत पाण्यात शिरला, तो पुन्हा वर आला नाही.

त्याला बुडवायचं माझ्या मनात आधी नव्हतं. पण जिवंत ठेवला असता तर पोरांनी सुट्टीवर जाऊन त्याला शोधला असता. कोल्हार काही काशी-रामेश्वरला नाही, मनमाडच्या सडकेवर आहे. जिवंत माणूस सापडावा लागतो, बुडालेला सापडावा लागत नाही. म्हणून मी विचार करून, शहाणपणाने त्याला बुडवला. वर्गात एवढी शांतता झाली की बाहेर कवायत घेणाऱ्या हवालदाराचं ओरडणं ऐकू येत होतं. मला तेव्हा फार बरं वाटलं, हे खोटं कशाला बोलू?

त्या दिवसापासून इतिहासाच्या तासाला कुणी पेंगलं नाही. शेवगावची पोरं तक्रार घेऊन आली, "उस्ताद, आमच्या गावचं कुनीच न्हाई का?" त्यांनाही मी एक गडी दिला, गोळ्यांची पेटी पाठीवर घेऊन धावणारा. पण कोल्हारकराची सर त्याला आली नाही. परीक्षेच्या दिवशी एका पोराने कर्नलसाहेबांसमोर कोल्हारकर असा काही उभा केला, की दुभाष्याने अर्थ सांगताच साहेब खुर्चीत पुढे सरकून बसले. हे कुठून मिळालं म्हणून त्यांनी मला विचारलं. जुन्या पेन्शनरांकडून, असं मी ठोकून दिलं. साहेबांनी पाठ थोपटली. चोपडीची नवी आवृत्ती निघणार होती, तिच्यात हा प्रसंग घालायचा हुकूम झाला. त्याच महिन्यात माझ्या बाहीवर तिसरी फीत चढली आणि मी हवालदार झालो. लायकी माझी होतीच. निमित्त कोल्हारकराचं झालं.

कसम परेड झाल्यावर पोरं सुट्टीवर गेली. त्यानंतर साधारण तीन आठवड्यांनी पहाऱ्यावरचा शिपाई सांगत आला की फाटकावर एक बाई आली आहे आणि ‘इतिहासाच्या मास्तरला बोलवा’ म्हणून अडून बसली आहे.

पंचेचाळिशीच्या आसपासची बाई. कोल्हारहून सर्व्हिस मोटारीने एकटीच आलेली. कडुनिंबाच्या सावलीत पाय दुमडून बसली होती, लुगड्यावर सडकेची धूळ होती, कपाळावर ठसठशीत कुंकू होतं. मी कोण ते सांगितल्यावर तिने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मास्तर म्हणजे म्हातारा असेल असं तिला वाटलं असावं.

तिने सगळं शांतपणे सांगितलं. तिचं लग्न लहानपणी झालं. ती पंधरा-सोळाची असताना नवरा या पलटणीत भरती झाला आणि बसऱ्याला गेला. त्यानंतर ना पत्र, ना माणूस. गावात कुणी म्हणालं मेला असेल, कुणी म्हणालं तिकडेच दुसरं घर केलं असेल. कागद काही आला नाही, म्हणून हिने कुंकू पुसलं नाही. दिराच्या घरी राहिली. दिराची बायको बाळंतपणात गेली, तिची मुलगी हिने पोटच्या पोरीसारखी वाढवली. त्या मुलीचं लग्न ठरलं होतं. तेवढ्यात सुट्टीवर आलेल्या पोरांनी चावडीवर माझा कोल्हारकर सांगितला.

गावाने हिशेब केला. बसऱ्याला जाऊन परत न आलेला कोल्हारचा माणूस एकच. म्हणजे तो हाच. गावाला अभिमान वाटला, देवळात नारळ फुटला, चार म्हातारी माणसं दिराच्या घरी आली आणि म्हणाली, सरकारी मास्तरांनीच सांगितलंय, आता शंका राहिली नाही. बाईने कुंकू उतरवावं. दिरालाही ते पटलं. मुलीला पहिली हळद सवाष्णीने लावायची असते, तेव्हा ती आता दुसऱ्या कुणी लावावी, असं ठरलं.

"येत्या बेस्तरवारी हळद हाय," ती म्हणाली. "मी अजून पुसलं न्हाई. आदी इचारते म्हनलं."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आम्ही ख्रिस्ती. माझे वडील सोनईकडच्या एका गावात मिशनच्या शाळेत मास्तर होते. ते वारले तेव्हा आई रडली, काळी साडी नेसली, रविवारी चर्चच्या देवळात गेली. तिच्या कपाळावरून काही उतरलं नाही, कारण मुळात तिथे काही नव्हतंच. शेजारपाजारच्या घरांत काय चालतं ते मला दिसत होतं, ठाऊकही होतं. पण गोष्टीतला माणूस पाण्याखाली घालताना त्याच्या मागे एखादं कपाळ असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. आमच्या घरात वाढलेल्या माणसाच्या डोक्यात ते आलंच नसतं.

सुटायचा प्रयत्न मी केला. म्हणालो, "मावशी, तो दुसरा कुणी असेल. कोल्हारचा काय एकच गेला असेल?"

"दोघं गेल्ते," ती म्हणाली. "एक माघारी आला, त्यो आमच्या शेजारी ऱ्हातो, पर त्यो दुसऱ्या पलटनीत हुता, त्याला काय ठाव न्हाई. आनि मास्तर, त्यो पव्हत गेला म्हनत्यात. माझ्या मालकाला पव्हता येत न्हवतं. नदीला घोट्याच्या वर कदी गेला न्हाई त्यो. ह्ये मी समद्यांना सांगितलं. म्हनले, पलटनीत शिकला आसंल."

ते ‘शिकला असेल’ मलाही सुचलं होतं. ओठावर आलं होतं. एक वाक्य बोललो असतो तर ती निमूट उठून गेली असती, माझी फीत राहिली असती, कोल्हारकर चोपडीत छापून आला असता. पण ती माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा माझ्या जिभेची लाज वाटली.

"मावशी, तो माणूस मी रचला," मी म्हणालो. "पोरं झोपत होती म्हणून रचला. असा कुणी नव्हता."

ती रागावेल असं वाटलं होतं. तिने पदराने तोंड पुसलं. मग उठता उठता म्हणाली, "मंग ह्ये तुमीच कोल्हारात येऊन सांगायचं. बाईमानसाचं तिथं कोन ऐकतंय."

मी येतो म्हणालो. ती मोटारीकडे गेली, मी सुभेदारसाहेबांकडे गेलो. सुभेदारसाहेब जुने, मिशांना पीळ देणारे, माझ्यावर जीव असलेले. सगळं ऐकून त्यांनी आधी दार लावलं आणि मग मला जे काही ऐकवलं ते इथे लिहिता येत नाही. सारांश असा की पलटणीतला शिपाई बुडवायचा अधिकार तुला कुणी दिला. मग ते मला कर्नलसाहेबांपुढे घेऊन गेले. साहेबांना माझ्या खोटेपणाचा राग आला की चांगला प्रसंग हातचा गेल्याचं दुःख झालं, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. पण शिक्षा चोख झाली. प्रसंग चोपडीतून काढला, तिसरी फीत उतरवली, आणि मी मागितली म्हणून एका दिवसाची रजा दिली. फीत मी स्वतः ब्लेडने उसवली. दुसऱ्याच्या हातून उतरवून घ्यायची नव्हती.

रजेच्या आदल्या दिवशी मला आणखी एक बुद्धी सुचली. म्हटलं, खोटा माणूस परत घ्यायला जातोच आहे, तर बदल्यात खरा देऊ. कचेरीत भरती झालेल्यांच्या नावांची मोठी वही होती, आम्ही तिला लाँग रोल म्हणायचो. मागच्या लढाईची वही कपाटाच्या तळाशी होती. दुपारभर शोधून मला तो सापडला. गाव कोल्हार, मावशीच्या बोलण्यातून कळलेलं बापाचं नाव जुळलं, भरतीचं साल जुळलं. पुढे दोनच ओळी होत्या. बोटीतून उतरल्यावर काही दिवसांत तापाने इस्पितळात वारला. तारीख दिली होती. घरी पत्र रवाना केल्याची खूणही होती, ते पत्र कुठे गेलं देव जाणे. नदी त्याने पाहिली असेल तर बोटीवरून पाहिली असेल.

मी वही मिटली. इतकी वर्षं लोटली तरी तो क्षण मला जसाच्या तसा आठवतो; मला त्या मेलेल्या माणसाचा राग आला. जिवंत नसायचं होतं तर निदान वहीत तरी सापडायचं नव्हतं.

हळदीच्या दिवशी सकाळी मी कोल्हारात उतरलो. दारात मांडव होता, बायका जमल्या होत्या, पाटावर मुलगी बसली होती, हळदीची वाटी तशीच पडली होती. मावशी चुलीजवळ होती, कपाळावर कुंकू तसंच. दीर भला माणूस होता, त्याने मला बसायला घोंगडी दिली. चार म्हातारे आले. शेजारचा तो बसऱ्याहून परतलेला पेन्शनर आला. सुट्टी संपत आलेला एक रंगरूट होता, त्याने मला कडक सलाम ठोकला आणि अभिमानाने सगळ्यांकडे पाहिलं. त्या सलामाने माझा अर्धा धीर गेला.

तरी मी उभा राहिलो आणि सांगितलं. कुठली वाक्यं चोपडीतली, कुठली माझी, हे फोड करून सांगितलं. प्रवरेच्या ओढीचं बोलणं मला त्या क्षणी सुचलं होतं. जखमीचं मी एका जुन्या गोष्टीतून उचललं होतं. बुडणं सोयीसाठी केलं होतं. काही लपवलं नाही.

कुणाला ते पटलं नाही. रंगरुटाचा चेहरा उतरला. एक म्हातारा म्हणाला की साहेबाने दम दिला असेल, गोऱ्यांना आपल्या माणसाचं नाव नको असतं. दुसरा म्हणाला, एवढं बारीकसारीक कुणाला रचता येतं होय? जन्मभरात माझ्या गोष्टीची ही सगळ्यात मोठी तारीफ होती आणि मला ती ऐकवेना. दीर म्हणाला, "मास्तर, तुमच्या सबुदावर आमी लगीन लावायचं, आनि उद्या आपशकुन झाला तर? पोरीच्या जल्माचा प्रश्न हाय."

तेव्हा तो पेन्शनर उठला. जवळ आला, माझी बाही हातात धरली आणि वरच्या फितीच्या जागी कापडाला पडलेली भोकं बोटाने चाचपली. उसवलेला दोरा तिथे अजून होता.

"कवा काढली?" त्याने विचारलं.

"सोमवारी."

"ह्याच्यापायी?"

मी मान हलवली. तो सगळ्यांकडे वळला. "मी पलटनीत हुतो," तो म्हणाला. "खरं सांगितलं म्हनून तिथं कुनाची फीत उतरत न्हाई. ह्यो खोटंच बोलला हुता."

माझ्या सगळ्या वक्तृत्वापेक्षा ती भोकं बोलकी निघाली. म्हातारे आपसात कुजबुजले. दीर चुलीकडे वळून म्हणाला, "वैनी, या. पोरगी खोळंबलीया."

ती आली. घाई केली नाही. हात धुतले, पुसले, वाटी उचलली. मुलीच्या कपाळाला, गालांना, हातांना, पायांना हळद लावली. मुलगी रडायला लागली तेव्हा तिला ओरडली, हळद वाहून जाईल म्हणाली. मग बाकीच्या बायका पुढे झाल्या आणि गाणी सुरू झाली. माझं काम झालं होतं. मी मोकळा झालो होतो, आणि माझ्या खिशात त्या दोन ओळी उतरवलेला कागद होता.

जेवायला तिने मला पडवीत वेगळं बसवलं. ताट वाढून ती समोर टेकली. आजूबाजूला कुणी नव्हतं.

"मास्तर, तुमच्या कचेरीत समद्यांची नावं लिवलेली आसत्याल."

"आहेत."

"गेलेल्यांची बी?"

"त्यांचीही."

"तुमी बघितली आसत्याल."

अर्ध्या तासापूर्वी मी गावापुढे उभा राहून खोटं सोडलं होतं. आता हो म्हणवेना आणि नाही म्हणवेना. हातातला घास तसाच राहिला. तिने माझ्याकडे नीट बघितलं. तिला कळलं, हे मला कळलं. तिचा चेहरा एकदाच हलला, ओठ घट्ट मिटले, आणि मग पुन्हा पहिल्यासारखा झाला.

"मंग ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "मी इचारलं न्हाई, तुमी सांगितलं न्हाई. जेवा."

आणि ती भाजी आणायला उठून आत गेली.

मी जेवलो. पुढे लढाई संपली, पलटण सुटली, मी शाळेत मास्तर झालो. फीत परत मिळाली नाही, तिचं दुःखही राहिलं नाही. तो कागद मी मोटारीत बसण्याआधी फाडला. पण पाठांतर हा माझा धंदा होता. त्याच्या मरणाची तारीख दरवर्षी येते आणि मला आठवते. त्या दिवशी मी घरात कुणाशी फारसं बोलत नाही. बायकोने एकदा कारण विचारलं होतं. मी म्हटलं, पलटणीतला एक माणूस गेला होता. कुठला, ते तिने विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.